लोखंडी दातांपासून तेराव्या मजल्यापर्यंत

२३ सप्टेंबर १९५४ची संध्याकाळ. ग्लासगोच्या गॉर्बल्स वस्तीतल्या दफनभूमीत काहीतरी गोंधळ चाललाय, असा निरोप पोलिसांना मिळाला. हवालदार ॲलेक्स डीपरोज तिकडे निघाले, तेव्हा कुणीतरी थडग्यांची मोडतोड करत असेल एवढीच त्यांची अटकळ होती. ‘सदर्न नेक्रोपोलिस’च्या फाटकातून आत शिरल्यावर त्यांना दिसली ती शेकडो पोरं. कुणाच्या हातात टोक काढलेली काठी, कुणाच्या हातात स्वयंपाकघरातून पळवलेली सुरी. काहींनी तर घरची कुत्रीही बरोबर आणलेली. नीट चालताही येत नाही अशी चिल्लीपिल्ली थोरल्या भावंडांचं बोट धरून आली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. सात फूट उंचीचा, लोखंडी दातांचा एक व्हँपायर इथे लपलाय, त्याने दोन मुलं खाल्लीत आणि आम्ही त्याला मारायला आलोय.

शहरात एकही मूल बेपत्ता नव्हतं. पण दफनभूमीला लागून ‘डिक्सन्स ब्लेझेस’ हा लोखंडाचा कारखाना होता. त्याची भट्टी उघडली की आभाळ लालभडक व्हायचं, धुराचे लोट थडग्यांवरून सरकायचे. त्या उजेडात व्हँपायर दिसला नसता तरच नवल. शेवटी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पोरांना दटावलं, वरून पाऊस आला आणि फौज पांगली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पुन्हा हजर.

ब्रिटिश भयचित्रकथांची गोष्ट सांगायची तर या दफनभूमीपासूनच सुरू करावी लागते, कारण मोठ्यांनी या प्रकाराचा गुन्हेगार चटकन शोधून काढला: अमेरिकन कॉमिक्स. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ अशी नावं वर्तमानपत्रांत झळकू लागली. गंमत अशी की लोखंडी दातांचा व्हँपायर असलेला कॉमिकचा एकही अंक तेव्हा कुणाला दाखवता आला नाही. लोखंडी दात सापडले ते भलतीकडेच. बायबलातल्या दानिएलाच्या सातव्या अध्यायात लोखंडी दातांचं श्वापद आहे. आणि स्कॉटलंडच्या शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या एका कवितेत न झोपणाऱ्या पोरांना न्यायला लोखंडी दातांची जेनी येते. आपल्याकडे आया बागुलबुवाला बोलावतात, तसाच प्रकार. पण बायबलावर आणि पाठ्यपुस्तकावर बंदी कोण मागणार?

बंदीची मागणी करणारी आघाडीही पाहण्यासारखी होती. शिक्षकसंघटना आणि पाद्री त्यात होतेच, पण कम्युनिस्टही होते. कम्युनिस्टांना राक्षसांचं वावडं नव्हतं. त्यांना खुपत होतं ते अमेरिकन संस्कृतीचं आक्रमण. मार्टिन बार्कर या अभ्यासकाने पुढे ‘अ हॉण्ट ऑफ फिअर्स’ या पुस्तकात हा सगळा गुंता सोडवून दाखवला. तेव्हा मात्र सगळे एका सुरात बोलत होते आणि गृहमंत्री ग्विलिम लॉइड जॉर्ज यांनी विधेयक मांडलं. मे १९५५मध्ये ‘मुले व तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) कायदा’ संमत झाला. ज्या चित्रकथांत गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाणे, भयंकर प्रसंग असतील आणि ज्या मुलांच्या हाती पडून त्यांना बिघडवतील, त्या छापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला चार महिन्यांपर्यंत कैद, शंभर पौंडांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दहाएक वर्षांसाठी म्हणून आणलेला हा कायदा १९६९मध्ये कायमचा झाला. त्याखाली खटले मात्र नगण्य. न वापरलेला सोटा दाराआड उभा असला तरी घरातली पोरं शिस्तीत वागतात, तसं ब्रिटिश प्रकाशकांचं झालं.

या कायद्याच्या आधीच एका पाद्र्याने वेगळा उपाय करून पाहिला होता. मार्कस मॉरिस हे अँग्लिकन धर्मगुरू. १९४९मध्ये त्यांनी अमेरिकन भयचित्रकथांवर ‘संडे डिस्पॅच’मध्ये जळजळीत लेख लिहिला आणि नुसती टीका करून न थांबता पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९५०ला, स्वतः एक साप्ताहिक काढलं. त्याचं नाव ‘ईगल’. स्वच्छ, नेटकं, रंगीत. पहिल्या पानावर अंतराळवीर डॅन डेअर, मागच्या पानावर धर्मपुरुषांची चरित्रं. भुतांना तिथे मज्जाव होता. हे ‘ईगल’ लक्षात ठेवावं, ते या लेखात पुन्हा येणार आहे.

भुतं दारातून येईनात, तेव्हा ती हसत खिडकीतून आली. १९६४मध्ये ‘व्हॅम!’ साप्ताहिकात केन रीडने ‘फ्रँकी स्टाइन’ सुरू केलं. हा राक्षस बिचारा भोळसट, त्याचा निर्माता त्याचा काटा काढायला टपलेला, आणि प्रत्येक डाव निर्मात्यावरच उलटणारा. मँचेस्टरचा केन रीड चेहरे काढण्यात असा काही रमायचा की त्याची चित्रं पाहून हसावं की तोंड फिरवावं ते कळत नसे. सत्तरच्या दशकात ‘शिव्हर अँड शेक’मधल्या ‘क्रीपी क्रिएशन्स’ या पानासाठी पोरं राक्षसांच्या कल्पना पाठवायची आणि रीड त्यांना असे काही डोळे, फोड आणि ओघळ द्यायचा की ज्याची कल्पना त्यालाही आपल्या अंकाची धास्ती वाटावी. ‘मॉन्स्टर फन’ १९७५मध्ये आलं. कायदा तसाच होता, पण विनोदाला पकडणार कसं?

दुसरी वाट होती पुनर्मुद्रणाची. ॲलन क्लास नावाचा प्रकाशक १९५९पासून पुढे तीस वर्षं ‘क्रीपी वर्ल्ड्स’, ‘सिनिस्टर टेल्स’, ‘अनकॅनी टेल्स’ अशा जाडजूड कृष्णधवल अंकांतून अमेरिकन कथा छापत राहिला. त्या सौम्य केलेल्या, अमेरिकेतल्या स्वनियंत्रणाच्या चाळणीतून आलेल्या. अंकांवर तारीख नसायची, त्यामुळे ते शिळे होत नसत. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांत, सुट्टीच्या गावी, फिरत्या मांडणीवर ते वर्षानुवर्षं टांगलेले असायचे. आज पन्नाशी-साठीतल्या ब्रिटिश वाचकाला विचारलं तर कथेआधी त्याला त्या कागदाचा वास आठवतो.

खरी भीती परतली ती मुलींच्या साप्ताहिकांतून. मुलग्यांच्या अंकांत युद्ध, फुटबॉल आणि मारामारी. मुलींच्या अंकांत मात्र छळ, अनाथपण, विश्वासघात, तळघरात कोंडलेली नायिका असं सगळं आधीपासून होतं. भूत तेवढं यायचं बाकी होतं. डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीने सप्टेंबर १९७६मध्ये ‘स्पेलबाउंड’ काढलं, ते ६९ अंक चाललं. लंडनच्या आयपीसी या प्रकाशनसंस्थेने ४ फेब्रुवारी १९७८ला ‘मिस्टी’ आणलं आणि आज ज्या नावाने या आठवणींचं सगळं गणगोत जमतं ते नाव जन्माला आलं.

कल्पना पॅट मिल्सची. आदल्याच वर्षी त्याने ‘२००० एडी’ हे विज्ञानकथांचं साप्ताहिक उभं केलं होतं. मोठी चौकट, जोरकस पान आणि वाचकाला लहान न समजणारी कथा हे गणित त्याला मुलींसाठी वापरायचं होतं. नाव सुचलं क्लिंट ईस्टवुडच्या ‘प्ले मिस्टी फॉर मी’ या चित्रपटावरून. मिल्सने नफ्यात वाटा मागितला, कंपनीने नकार दिला, तेव्हा तो सल्लागाराच्या भूमिकेत मागे सरला. रोजचा गाडा इतरांनी ओढला, त्यांत मॅल्कम शॉ मुख्य. मिल्सची स्वतःची मालिका ‘मूनचाइल्ड’. रोझमेरी ब्लॅक नावाची मुलगी, कपाळावर चंद्रकोरीसारखा व्रण, घरी आईचा मार, शाळेत मुलींचा जाच आणि मनाच्या जोरावर वस्तू हलवायची शक्ती. स्टीफन किंगची ‘कॅरी’ ओळखायला वेळ लागत नाही. नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचून मग किंगच्या ‘सेलम्स लॉट’पर्यंत पोचलेल्या मराठी वाचकाला या उसनवारीचं फारसं वाईट वाटू नये. पीठ कुठूनही आणलं तरी भाकरी आपल्याच तव्यावर भाजली जाते.

प्रत्येक अंकाच्या आतल्या पानावर मिस्टी स्वतः भेटायची. लांब केसांची, धुक्यात उभी असलेली तरुणी, वाचकांना आपल्या गुहेत बोलावणारी. ही चित्रं शर्ली बेलवूडची. अंकात दोन-तीन क्रमशः मालिका आणि बाकी चार-चार पानांच्या स्वतंत्र कथा. त्या छोट्या कथा निर्दय असत. हावरट, मत्सरी किंवा नुसतीच बेफिकीर मुलगी शेवटच्या चौकटीत आरशात अडकायची, बाहुली व्हायची, म्हातारी व्हायची. सुटका नाही. कायद्याच्या धाकाने आलेला नीतिपाठ म्हणावा, तर शिक्षा अपराधाच्या मानाने इतकी अवाढव्य की नीती बाजूला राहून भीतीच तेवढी उरते. ज्युलिया राउंड या प्राध्यापिकेने २०१९मध्ये ‘गॉथिक फॉर गर्ल्स’ हा अख्खा ग्रंथ ‘मिस्टी’वर लिहिला. तिच्याही शोधाची सुरुवात लहानपणी वाचलेल्या आणि डोक्यातून न गेलेल्या एका आरशाच्या कथेपासून झाली होती.

पण ‘मिस्टी’ची सर्वांत बोलकी मालिका कोणती, असं विचारलं तर बोट ‘द सेंटिनल्स’वर ठेवावं लागेल. लेखक मॅल्कम शॉ, चित्रकार मारिओ कपाल्डी. एका गावात दोन जुळ्या उंच इमारती. एकीत माणसं राहतात, दुसरी ओस, कारण तिथे काहीतरी विपरीत आहे असा बोभाटा. जॅन रिचर्ड्सच्या कुटुंबाला घरातून काढलं जातं आणि राहायला जागा नाही म्हणून ते त्या ओसाड इमारतीत चोरून शिरतात. तिच्यातून पलीकडे निघालं की दुसरंच ब्रिटन: १९४०मध्ये हिटलरने जिंकलेलं. तिथेही तीच माणसं आहेत, फक्त वेगळी घडलेली.

इथे गॉर्बल्स पुन्हा आठवतं. १९५४मध्ये ज्या कोंदट, पडक्या चाळींतून ती पोरं व्हँपायर मारायला निघाली होती, त्या साठच्या दशकात पाडल्या गेल्या आणि तिथे काँक्रीटच्या उत्तुंग इमारती उठल्या. ब्रिटनभर हेच चाललं होतं. नव्या घरात संडास आत होता, गरम पाणी होतं. आणि त्याबरोबर ओल धरलेल्या भिंती, बंद पडलेली लिफ्ट, रात्री दिवे नसलेला जिना आणि शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही. हॉलिवुडच्या भुतांना वाडा लागतो, बुरूज लागतो. ब्रिटिश साप्ताहिकांतल्या भुतांनी नगरपालिकेची घरं पसंत केली. वाचणारं मूल अंक बाजूला ठेवून बाहेर पडलं की समोर तीच लिफ्ट. एवढ्या स्वस्तात एवढी भीती दुसऱ्या कुणी विकली नसेल.

‘मिस्टी’ १०१ अंक चाललं आणि जानेवारी १९८०मध्ये ‘टॅमी’त विलीन झालं. ही त्या धंद्याची रीतच. खप घसरू लागला की एके आठवड्यात मुखपृष्ठावर ‘आत महत्त्वाची आनंदाची बातमी’ असं छापायचं. आनंद कसला, तर तुमचं साप्ताहिक पुढल्या आठवड्यापासून दुसऱ्यात मिसळणार. पोरंही हुशार. त्या शब्दांचा खरा अर्थ त्यांना चांगला ठाऊक असायचा.

आयपीसीच्याच ‘स्क्रीम!’ या भयकथांच्या साप्ताहिकाच्या नशिबी तेवढीही आनंदाची बातमी नव्हती. २४ मार्च १९८४ तारखेचा पहिला अंक प्लास्टिकच्या व्हँपायर-दातांसकट आला. त्याचा ‘संपादक’ होता घास्टली मॅकनॅस्टी, तोंडावर बुरखा ओढलेला. त्याचा चेहरा कसा असेल ते वाचकांनी चित्र काढून कळवायचं. प्रत्यक्षात काम पाहणारे बॅरी टॉमलिन्सन, इयन रिमर आणि पुढे ‘ट्रान्सफॉर्मर्स’साठी गाजलेला सायमन फर्मन. ‘द ड्रॅक्युला फाइल’मध्ये शीतयुद्धातली सीमा ओलांडून एक फरारी पश्चिमेत येतो, गोळ्या लागूनही मरत नाही, आणि ब्रिटिश अधिकारी त्याला पूर्वेकडची गुपितं घेऊन आलेला माणूस समजून घरात घेतात. त्याच्या मागावर केजीबीचा कर्नल स्टाकिस. ब्रिटनवर घाला घालणारा पिशाच्च आणि त्याला रोखणारा रशियन हेर, हे १९८४मध्ये मुलांच्या साप्ताहिकात छापणाऱ्यांना दाद द्यायला हवी. एरिक ब्रॅडबरीची काळ्या शाईत बुडवलेली चित्रं तर आजही अंगावर येतात.

‘मॉन्स्टर’चा पहिला भाग ॲलन मूरचा. बारा वर्षांचा केनेथ घरामागच्या बागेत खड्डा खणतोय, आणि तो खड्डा त्याच्या बापासाठी आहे. वरच्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत काहीतरी आहे, त्यानेच बापाला मारलंय. ते ‘काहीतरी’ म्हणजे घरच्यांनी वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेला टेरीकाका. पुढचे भाग जॉन वॅग्नर आणि ॲलन ग्रँट या जोडीने टोपणनावाने लिहिले आणि हळूहळू भयकथेची पळून चाललेल्या काका-पुतण्याची गोष्ट झाली. भीतीपेक्षा कणव जास्त असलेली ही मालिका अनेकांना सर्वांत जवळची वाटते.

आणि ‘द थर्टीन्थ फ्लोअर’. लेखकजोडी तीच, दुसऱ्या टोपणनावाने. चित्रं स्पेनच्या होसे ओर्तिसची. मॅक्सवेल टॉवर नावाची उंच इमारत, तिचा कारभार पाहणारा मॅक्स नावाचा संगणक. अपशकुनी म्हणून इमारतीला तेरावा मजला नाही, बारावरून थेट चौदा. पण रहिवाशांना छळणारा कुणी लिफ्टमध्ये चढला, मग तो पठाणी वसुलीला आलेला असो की चोर-गुंड, की मॅक्स अदबीने त्याचं स्वागत करतो आणि लिफ्ट तेराव्या मजल्यावर थांबते. दार उघडतं. समोर ज्याची त्याला धास्ती तेच. बारशाचं आमंत्रण द्यावं इतक्या गोड भाषेत माणसांना वेडं करणारा हा यंत्ररूपी गृहसंस्था-सचिव आपल्या भाडेकरूंवर मात्र जीव टाकतो. घराघरांतून यंत्रांशी बोलण्याच्या आजच्या काळात मॅक्स जुना वाटत नाही.

पंधरा अंक झाले. ३० जून १९८४चा अंक दुकानात आला, त्यात निरोपाचं अवाक्षर नव्हतं, मालिका पुढल्या आठवड्यावर सोडलेल्या. पुढला आठवडा आलाच नाही. आयपीसीत कामगार-तंटा पेटला होता आणि त्यात ‘स्क्रीम!’ गेलं. वातावरणही तापलेलं होतं. भयपटांच्या व्हिडिओ कॅसेटींवरून वर्तमानपत्रांनी तीस वर्षांपूर्वीसारखंच रान उठवलं होतं, आणि ‘स्क्रीम!’ बंद पडल्यावर दोनच आठवड्यांत, १२ जुलैला, कॅसेटींवर सेन्सॉर बसवणारा कायदा संमत झाला. बार्करचं १९५५च्या बंदीवरचं पुस्तकही नेमकं याच १९८४चं. कॉमिक बंद होण्यात या हवेचा हात किती, यावर जुने वाचक आजही तावातावाने बोलतात.

सप्टेंबरात ‘स्क्रीम!’च्या उरलेल्या मालिकांना आसरा मिळाला तो १९८२मध्ये नव्याने सुरू झालेल्या ‘ईगल’मध्ये. होय, तेच नाव. भयचित्रकथांपासून मुलांना वाचवण्यासाठी पाद्र्याने काढलेल्या साप्ताहिकाच्या पाटीखाली आता टेरीकाका आणि मॅक्स राहायला आले. मॅक्सने तर पुढे अंकाच्या संपादकपदाची खुर्चीच बळकावली. मॉरिस तेव्हा हयात होते.

या सगळ्या कारभारात माणसं मात्र बिननावी राहिली. ब्रिटिश साप्ताहिकांत लेखक-चित्रकारांची नावं छापायची पद्धत नव्हती. सही केली तर ती पांढऱ्या रंगाने पुसली जायची. ‘२००० एडी’ने १९७७मध्ये नावं छापायला सुरुवात केली तो अपवाद. बरीचशी चित्रं तर ब्रिटनमध्ये काढलेलीही नसत. बार्सिलोनातल्या एजन्सींमार्फत स्पॅनिश चित्रकारांकडे संहिता जायच्या आणि ज्यांनी मँचेस्टरचा जिना कधी पाहिला नाही अशी माणसं तो काढून पाठवायची. बार्सिलोनाच्याच हेसुस ब्लास्कोने गाजवलेला ‘द स्टील क्लॉ’, म्हणजे विजेचा झटका बसला की अदृश्य होणारा आणि फक्त पोलादी पंजा दिसत राहणारा माणूस, १९७२मध्ये शिवकाशीच्या ‘मुथू कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात ‘इरुंबुक्कै मायावी’ होऊन तमिळ बोलू लागला. तमिळनाडूत पन्नाशी ओलांडलेली माणसं आजही त्याची आठवण घरच्या माणसासारखी काढतात, आणि तो मूळचा कुठला याची त्यांतल्या कित्येकांना फिकीर नसते.

आठवणींचा बाजार तेजीत आला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत. ऑक्सफर्डची ‘रिबेलियन’ ही व्हिडिओगेम बनवणारी कंपनी. तिने २०००मध्ये ‘२००० एडी’ घेतलं होतं, २०१६मध्ये या जुन्या साप्ताहिकांचा मोठा साठाच विकत घेतला. ‘मिस्टी’, ‘मॉन्स्टर’, ‘द ड्रॅक्युला फाइल’, ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ पुस्तकरूपाने आले, आणि कैक लेखक-चित्रकारांची नावं पहिल्यांदाच कव्हरावर चढली. भोवती इतर आठवणीही उकरल्या जात होत्या. ‘स्कार्ड फॉर लाइफ’ नावाचा सत्तरच्या दशकातल्या धास्तीचा जाडजूड कोश २०१७मध्ये निघाला. अझ्बॉर्न प्रकाशनाचं १९७७चं भुतांवरचं मुलांचं पुस्तक वाचकांनी सह्यांची मोहीम काढून २०१९मध्ये पुन्हा छापून घेतलं. ‘धनंजय’ किंवा ‘नवल’चे जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे सापडतात का म्हणून फिरणाऱ्यांना ही तगमग समजावून सांगायला नको.

त्यातही ‘स्क्रीम!’ची ओढ इतरांपेक्षा तीव्र आहे, आणि ते पानांच्या दर्जावरून ठरलेलं नाही. ‘मिस्टी’ दोन वर्षं चाललं, मालिका पुऱ्या झाल्या, वाचक मोठ्या होऊन निघून गेल्या. ‘स्क्रीम!’चे वाचक जुलैतल्या एका सकाळी पैसे घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दुकानदाराने मान हलवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. काही जण महिनाभर जात राहिले. पूर्ण झालेली भीती विसरता येते, पण ऐन रंगात मध्येच तुटलेली तशीच उघडी राहते.

गॉर्बल्समधल्या त्या पोरांचंही तेच झालं असावं. त्यांना व्हँपायर सापडला नाही, आणि ‘नव्हताच’ असंही कुणी त्यांच्या मनाला पटेलसं सांगितलं नाही. २०१६मध्ये गॉर्बल्समधल्याच सिटिझन्स थिएटरने त्या रात्रींवर नाटक बसवलं. १९५५चा कायदा अजून ब्रिटनच्या कायदेपुस्तकात आहे.

ऑक्टोबर २०१७मध्ये, हॅलोवीनच्या तोंडावर, ‘स्क्रीम! अँड मिस्टी’ असा एकत्र विशेषांक निघाला. त्यात ‘द थर्टीन्थ फ्लोअर’चा नवा भाग होता, लेखक गाय ॲडम्स. त्याची चित्रं दोघांनी वाटून घेतली. इमारत, रस्ता, माणसं हा रोजचा भाग साठच्या दशकापासून ब्रिटिश साप्ताहिकांत राबलेल्या जॉन स्टोक्सने जुन्या वळणाने काढला. लिफ्टचं दार उघडलं की पुढलं पान फ्रेझर अर्व्हिंगच्या हातात जातं. आणि मॅक्स, पूर्वीच्याच अदबीने, नव्या पाहुण्याला आत यायला सांगतो.